तुरीचा पतंग, वालाचा पतंग आणि माझे साडू

लोक रजा टाकून कोकणात जातात, महाबळेश्वरला जातात. मी रजा टाकली आणि मिरजगाव व सोनई ही दोन गावं करून आलो. दोन्ही आपल्याच नगर जिल्ह्यातली. एक माझं गाव, दुसरं साडूंचं. यात लिहिण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण मी गेलो होतो दोन जातींचे पतंग शेजारी ठेवून बघायला, आणि त्यातलं कळणारा माणूस आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत माझ्याशिवाय कुणी नाही, अशी जाताना माझी खात्री होती. येताना ती राहिली नाही. म्हणून लिहितो.

सावेडी

मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. ज्यांचे आजोबाही पदवीधर होते त्यांना ही फुशारकी वाटेल. वाटो. आज मी सावेडीत राहतो आणि ज्या कॉलेजात शिकलो तिथल्याच प्रयोगशाळेत सहायक आहे.

पिसारी पतंग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोटाच्या पेराएवढा किडा. पंख अखंड नसतात, चिरलेले असतात. पुढचा पंख दोन फाकांचा, मागचा तीन पिसांचा. बसताना हे सगळं गुंडाळून दोन्ही बाजूंना ताठ धरतो. शेतातलं बुजगावणं उभं असावं आणि त्याचा सदरा कुणीतरी पळवलेला असावा, तसा दिसतो. त्याच्याकडं कुणी बघत नाही. अळीला मात्र सगळे ओळखतात, कारण ती शेंगेला भोक पाडून दाणा खाते.

आमच्या विभागात एका पेटीत माझे दोन पिसारी पतंग टाचणीवर होते. एकाखाली चिठ्ठी ‘तुरीवरील’, दुसऱ्याखाली ‘वालावरील’. दोन्हींवर गाव मिरजगाव आणि पकडणाऱ्याचं म्हणजे माझं पूर्ण नाव. तीन वर्षांपूर्वी दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, मी ती पेटी दाखवायला आणलं होतं. दादांना वाचायला फार येत नाही, पण स्वतःचं नाव ओळखतात. माझ्या नावात मधलं नाव त्यांचं. काचेवर बोट ठेवून म्हणाले, “हे मी हाय.” त्यातला वालाचा पतंग मी घरामागच्या कुंपणावरच्या वेलावरून आणलेला. तेव्हापासून मिरजगावच्या स्टँडवर जो भेटेल त्याला दादा सांगतात, “आमच्या कुंपनावरचं पाखरू कालिजात हाय.”

तर झालं असं, की विभागात भिंतीवर नवी काचपेटी लावायची ठरली. आमच्या मॅडमनी, ज्यांनी मला शिकवलं त्यांनीच, माझी जुनी पेटी भिंगाखाली धरली आणि दोन्ही पतंग आळीपाळीनं बघितले.

“हे दोन्ही एकच वाटतात मला,” शेवटी म्हणाल्या. “एकाचा रंग उडालाय, एवढंच.”

“मॅडम, वालावरचा आहे तो. मी स्वतः काढलाय.”

“झाडावरून पतंगाचं नाव ठरवू नकोस. किड्याकडे बघ. सोमवारी पेटी लागणार. तोवर दोन ठिकाणच्या वालावरून ताजे आण. नाही मिळाले तर ही दुसरी चिठ्ठी काढावी लागेल.”

चिठ्ठी काढायची म्हणजे दादांचं पाखरू काढायचं. गुरुवारी दुपारीच रजेचा अर्ज दिला.

पहिलं ठिकाण मिरजगाव, हे ठरलेलंच. दुसरं ठिकाण बायकोनं सुचवलं. सविता म्हणाली, “सोनईला जा की. अण्णांचा वाल काय फुटलाय म्हणून सांगू! ताईनं काल व्हिडिओ कॉलवर दाखवला.”

अण्णा म्हणजे माझे साडू. सविताच्या थोरल्या बहिणीचे मालक. नववीतून शाळा सोडलेले. त्यांचं नाव आमच्या घरात आठवड्यातून चारदा निघतं, आणि दरवेळी त्यांच्याकडं काहीतरी फुटलेलं, फुललेलं, नाहीतर नवं आलेलं असतं. सासरे आमच्याकडं आले की दुसऱ्या दिवशी त्यांना गावाकडची कामं आठवतात. तेच अण्णांकडं गेले की पंधरा दिवस हलत नाहीत. मी कधी बोलून दाखवत नाही. पण मनात मोजतो.

मिरजगाव, शुक्रवार

आमचा भाग कोरडा. जानेवारीत वारा सुटला की रानातली माती घरात येते आणि ताटात बसते. बाजरी निघून गेलेली, तूर निम्मी काढलेली, निम्मी उभी. उभ्या तुरीत सकाळी पाय घातला आणि पिसारी पतंग दोन्ही बाजूंनी उठले. जाळी टाकायचीही गरज नव्हती. चार बाटलीत घेतले. मातकट, फिकट, सडपातळ. पुढच्या पंखावर बारीक काळे ठिपके, तेही नीट बघितलं तर.

आई बांधावर बसून शेंगा तोडत होती. “आरं, त्या किड्यापायी रजा घेतली व्हय? कापूस येचायला बोलवलं तवा रजा न्हवती.”

“ते काम आहे आई. कॉलेजचं.”

“आन् हे काय हाय, खेळ?”

जेवायला हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. सावेडीत हेच माडगं केलं तर माझी मुलं नाक मुरडतात. मी दोन वाट्या प्यालो. मग घरामागं गेलो.

आमच्याकडं परसाला कुंपण करायची एक रीत आहे. तूर झोडली की उरलेल्या काड्या, म्हणजे तुराट्या, खळ्यावरून उचलायच्या आणि परसाभोवती रोवायच्या. त्यांच्यावर वाल चढवायचा. वेल शेंगांनी जड झाला की नव्या तुराट्यांचा टेकू द्यायचा. खर्च नाही, तार नाही, वेलाला धरायला खडबडीत काडी. लहानपणापासून मी हेच बघितलंय, म्हणून त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

अर्ध्या तासात मला हवं ते सापडलं. वालाच्या पानाआड, वेलाला अगदी खेटून, बारीक केसाळ कोष चिकटलेला. तीन वर्षांपूर्वी असाच मिळाला होता. जागासुद्धा जवळपास तीच. पान, वेल आणि काडी, सगळं मिळून बोटभर कापलं आणि बरणीत घातलं.

दादा मागं उभे होते. “गावलं?”

“गावलं.”

“मॅडम काय म्हनत हुत्या?”

“म्हणत होत्या, ताजा आण.”

पुढचं सांगितलं नाही. दादांनी बरणी उजेडात धरली. “भितीवर लावनार म्हनं आता?”

“हो.”

“मंग मी येतो बघाया. नवी टोपी हाय माझ्याकडं.”

सोनई, शनिवार

मिरजगावहून परत नगर, तिथून संभाजीनगर रस्त्यानं घोडेगाव, मग आत सोनई. मोटरसायकलवर अर्धा दिवस जातो. वाटेत एका गतिरोधकावर बरणी पिशवीतून उडाली आणि कांद्याच्या टेम्पोखाली गडगडत गेली. ड्रायव्हर म्हणाला, “लोणचं हाय का?” मी म्हणालो, “कोष आहे.” त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी काही न बोलता गुडघ्यावर बसून बरणी काढून घेतली. फुटली नव्हती.

घोडेगाव सोडलं की रंग बदलतो. आमच्याकडं नजर लांब जाते कारण मधे काही नसतं. इथं नजर उसाला धडकते. पाटाला पाणी होतं. मला हा भाग दोन तऱ्हेनं माहीत आहे. लहानपणी दादा-आई ऊसतोडीला इकडं यायचे, तेव्हा अशाच एका उसाच्या कडेला आमची पाचटाची कोपी असायची. मी बैलांपाशी बसून उजळणी म्हणायचो. लग्नानंतर मी इथं पाहुणा म्हणून येतो आणि मला खुर्ची मिळते. खुर्चीत बसल्यावर मी अजूनही आधी रस्त्याकडं बघतो, कुणी ऊठ म्हणणार नाही ना म्हणून.

“या बीएस्सी!” अण्णा गोठ्यातूनच ओरडले. त्यांचं हे नेहमीचं. आडदांड माणूस, छाती पुढं, हसणं गावभर ऐकू जाईल असं. “सविता म्हनली, पतंग पकडाया येऊ राहिले. म्हनलं, संक्रात झाली की!”

ताई पाणी घेऊन आल्या. “चेष्टा नका करू ओ त्यांची. नोकरीचं हाय त्यांच्या.”

“चेष्टा कुठं? मानसानं कायतरी पकडाया पायजेच.”

मी हसलो. आमच्यात साडूंनी एकमेकांना टोमणे मारणं मानाचंच धरतात. जो चिडला तो हरला.

त्यांचा वाल मी बघितला. बांबू आणि लोखंडी तारेचा मांडव, डोक्याएवढा उंच, खाली सावली. जांभळी फुलं आणि शेंगांचे घोस. आमच्या कुंपणावरचा वेल याच्यापुढं उपाशी पोरासारखा. मनात म्हटलं, पाणी आहे म्हणून. पाणी असतं तर दादांनीही केला असता.

आणि मांडवाखाली, पानांना लोंबकळत, पिसारी पतंग होते. मी जाळी घेऊन पुढं झालो. एक उठला, मी दोन पावलं मागं सरलो, आणि पाटात गेलो. कमरेइतका भिजलो. अण्णांनी हात देऊन बाहेर काढलं, ते हसत नव्हते हे जास्त लागलं. ताईंनी अण्णांचा शर्ट आणि पायजमा आणून दिला. शर्टात माझ्यासारखे दोन मावले असते. तसाच संध्याकाळचा चहा प्यालो, आणि जेवताना वालाची रस्साभाजी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. भाजी फार चांगली होती. तेही मला आवडलं नाही.

जेवताना अण्णा म्हणाले, “यात दोन हायेत ना ओ, जातीचे?”

“कशात?”

“तुमच्या पतंगांत. तुरीवर येगळा, ह्यो येगळा.”

माझा घास थांबला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? शेंगा बाजारात नेतो, निम्म्या टोकरलेल्या निघायच्या. म्हनलं, खातंय कोन ते तरी बघावं. म्हून बसलो मांडवाखाली, आठ दिस, सकाळचं दूध काढून झालं की. पलीकडं बांधाला तूर हाय, तिथंबी बसलो. तुरीचा साधा. ह्यानं पायात तोडे घातलेत.”

“तोडे?”

“पांढरे. उद्या दावतो.”

मी ताट धुतलं आणि अंथरुणावर पडलो. मी तीन वर्षं भिंगाखाली पंख बघितले होते. ठिपके बघितले होते. पाय बघितले नव्हते.

सोनई, रविवार सकाळ

उठलो तर ताई बरणीपाशी वाकलेल्या. “भाऊजी, तुमचा निघाला बघा.”

मिरजगावच्या कोषातून पतंग बाहेर आला होता. पंख वाळवून काडीवर बसला होता, बुजगावणं होऊन. मी बरणी घेतली आणि मांडवाखाली गेलो. अण्णा आधीच तिथं उकिडवे बसलेले. त्यांनी नुसत्या दोन बोटांनी, पान न हलवता, एक पतंग उचलून छोट्या डबीत घातला. जाळी नाही, धावपळ नाही.

“हा आमचा. तुमचा बघू.”

दोन्ही शेजारी ठेवले. इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण याच्यासाठीच गेलो होतो. लांबून दोन्ही सारखेच: तीच ठेवण, तेच आडवे हात. पण अण्णांचा तांबूस, पंखावर पांढऱ्या आडव्या रेघा. पाय पांढरे-तपकिरी पट्ट्यांचे, सांध्यापाशी केसांचे झुपके. तोडेच. भिंग लावलं तर मागच्या पंखाच्या शेवटच्या पिसाला, झालरीच्या मधोमध, काळ्या खवल्यांचा एक ठिपका. आणि माझा, मिरजगावचा, वालाच्या वेलावरून मी स्वतः काढलेला: मातकट, एकरंगी, पाय साधे. शुक्रवारी तुरीत पकडलेले चार होते त्यांची बाटली काढून लावली. तंतोतंत पाचवा भाऊ.

“पण हा वालावरचाच आहे,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. “मी पानाआडून काढलाय.”

अण्णांनी बरणी घेतली. पतंगाकडं बघितलंच नाही. खाली बघितलं.

“ही काडी कशाची?”

मी अजून पतंगाकडंच बघत होतो.

“तुराटी हाय ही,” ते म्हणाले. “वेल तुराटीवर चढवलाय व्हय तुमी? ताजी दिसती. हे बघा, झोडताना राह्यलेली शेंगपन हाय टोकाला, भोक पडलेली. ह्यो तुमचा शेंगेतनं उतरून काडीला चिकटला, आन् काडी गेली वेलात. कोष काडीला हाय ओ, वेलाला न्हाई.”

मी काडी हातात घेतली. कोषाची रिकामी साल खरंच काडीला होती. वेल नुसता शेजारून गेलेला. तीन वर्षांपूर्वीचा कोषही असाच होता, आता डोळ्यांपुढं आला. मी वेल बघितला, पान बघितलं, पतंग बघितला. ज्या काडीच्या कुंपणात मी वाढलो ती काडी मला दिसली नाही. आणि ज्यांच्याकडं तारेचा मांडव आहे, त्यांना ती पहिल्यांदा दिसली.

त्यांचं पाणी मला सहन होत होतं. पाणी मिळालेलं असतं. ही नजर मिळालेली नव्हती, त्यांनी ती आठ सकाळी उकिडवं बसून कमावली होती, आणि कमावण्याचं काम आमच्या नात्यात माझं होतं. मला वाटलं, हा माणूस शिकला असता तर मी कुठं असतो? आणि मग वाटलं, बरं झालं शिकला नाही. हे वाटलं ते लिहितो. दुसरं लिहिलं तर खोटं होईल.

अण्णांनी बरणीचं झाकण लावलं. मग म्हणाले, “आता काय, मॅडम रागावत्यात?”

“चिठ्ठी काढतील. वडलांना सांगावं लागेल.”

“आन् मग हे घेऊन जा की. चार देतो. सोनईचा म्हना, मिरजगावचा म्हना. नाव तुमचंच टाका.”

“ज्यानं पकडला त्याचं नाव लागतं, अण्णा.”

“मला काय करायचं ओ भितीवर नाव लावून? माझं दूध वाढनार हाय का?” त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डबीला भोकं पाडली, चार पतंग घातले, वर वालाचं एक पान ठेवलं. “तुमी शिकलेले. तुमाला शोभंल.”

ज्या गोष्टीसाठी माझा जीव वर-खाली होत होता ती त्यांनी डबीचं झाकण लावावं तितक्या सहज माझ्या हातात दिली. माझे कपडे वाळले होते, ते ताईंनी घडी करून दिले. बरोबर शेंगांची एक पिशवी, सविताला. मी निघालो तेव्हा अण्णा म्हणाले, “पुढल्या टायमाला जाळी घरी ठिवा. पाटबी रिकामा राहील.”

घोडेगावपर्यंत मी ती डबी छातीशी धरून एका हातानं गाडी चालवली. नाव माझं टाकायला त्यांची हरकत नव्हती. मॅडमना कळलं नसतं. दादांना तर हवंच होतं. फाट्यावर चहाला थांबलो आणि घरी फोन लावला.

“दादा, आपल्या कुंपणावरचा वालाचा नव्हता. तुरीचाच होता. तुराटीबरोबर आलेला.”

फोनवर वारा ऐकू येत होता. “मंग ती चिठ्ठी?”

“काढणार.”

“मी लोकांला काय सांगू?”

“खरं सांगा. तुरीचा आहे म्हणून. तोही आपलाच आहे, आपल्याच रानातला. त्याची चिठ्ठी आहे तशीच राहणार.”

“आन् वालाचा कुनाचा?”

“अण्णांचा. सोनईचा.”

दादा पलीकडं खाकरले. सोनईकडचा ऊस त्यांनी किती वर्षं तोडला ते मला माहीत आहे. मग म्हणाले, “त्येचं नाव लावनार तू?”

मी हो म्हणालो. ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत माझं मलाच ठाऊक नव्हतं.

“मंग नीट लाव,” दादा म्हणाले. “कुनी म्हनाया नको.”

सावेडी, सोमवार

मॅडमनी भिंग लावलं, पाय बघितले, मागच्या पंखाचा काळा ठिपका बघितला आणि म्हणाल्या, “अरे वा! हा खरा. कुणी ओळखला?” मी सांगितलं. “त्यांना एकदा घेऊन ये ना विभागात,” त्या म्हणाल्या. मला पदवी घेऊन इतकी वर्षं झाली; इतक्या कौतुकानं त्या माझ्याबद्दल कुणाशी बोललेल्या मी ऐकलेलं नाही.

दोन्ही पतंग शेजारी टाचले. तुरीखाली जुनीच चिठ्ठी ठेवली. तीन वर्षांपूर्वीची दुसरी चिठ्ठी काढून खिशात घातली. मग नवी लिहायला बसलो: वालावरील पिसारी पतंग, सोनई, आणि खाली अण्णांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडलांच्या नावासकट. अक्षर माझं चांगलं आहे. लिहून झाल्यावर पेटीत ठेवली आणि दोन पावलं मागं जाऊन बघितली.

माझं नाव लांबून वाचता येत होतं. अण्णांचं वाचायला जवळ जावं लागत होतं.

मी ती चिठ्ठी बाहेर काढून फाडली, पट्टी घेतली, माझ्या नावाच्या अक्षरांची उंची मोजली आणि दुसरी लिहिली.